‘माल मिळालाच नाही’ : गिऱ्हाईकाची तक्रार आली तर विक्रेत्याने काय करावे?

गल्ल्यावर बसून केलेल्या विक्रीत एक मोठी सोय असते. गिऱ्हाईक समोर असते, माल त्याच्या हातात पडतो, पैसे आपल्या हातात येतात आणि सौदा जागच्या जागी पुरा होतो. मोबाईलवरून ऑर्डर घेऊन बाहेरगावी माल पाठवणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याचे पैसे आधी येतात, माल मागाहून जातो आणि मधल्या तीन-चार दिवसांत तो माल कुणाच्या हाती आहे हे ना विक्रेता पाहतो, ना गिऱ्हाईक. एक दिवस फोन येतो, ‘‘पैसे घेतलेत, माल कुठे आहे?’’

नौपाड्यात गोखले रोड, राम मारुती रोडच्या गाळ्यांतून, तसेच राबोडी, मुंब्रा, कौसा, भिवंडी, कल्याण येथील घरांतून आणि कारखान्यांतून आज दुपट्टे, बुरखे, अत्तर, टोप्या, चपला, जरीकाम असे नाना जिन्नस पार्सलने बाहेर जातात. सणाच्या आधीच्या पंधरवड्यात तर ही घाई फारच वाढते. त्या घाईतच पार्सले चुकतात आणि तक्रारीही येतात. अशी तक्रार आली की आपले काही बंधू फोन उचलणे बंद करतात, काही हुज्जत घालतात, तर काही घाबरून लगेच पैसे परत करून मोकळे होतात. तिन्ही मार्गांनी नुकसानच होते. ही तक्रार कशी हाताळावी, कायदा काय म्हणतो आणि बुडालेली रक्कम कुठून वसूल होऊ शकते, याची माहिती येथे क्रमाने देत आहोत.

वाटेतला माल कोणाचा?

पुष्कळ विक्रेत्यांची समजूत अशी, की पार्सल कुरिअरवाल्याच्या हवाली केले की आपली जबाबदारी संपली. ही समजूत अगदीच निराधार नाही. १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे, कराराने माल पाठवायचा असेल तर तो वाहतूकदाराच्या ताब्यात देणे म्हणजे सकृद्दर्शनी तो खरेदीदाराच्याच ताब्यात देणे, असे मानले जाते. मात्र त्याच कलमात पुढे अट आहे. मालाचे स्वरूप पाहून विक्रेत्याने वाहतूकदाराशी योग्य तो करार केला पाहिजे. तो केला नाही आणि माल गहाळ झाला, तर वाहतूकदाराला दिलेला माल ‘मला मिळाला’ असे मानण्यास खरेदीदार नकार देऊ शकतो.

हा नियम मुख्यतः व्यापारी-व्यापाऱ्यांमधल्या व्यवहारात उपयोगी पडतो. मालेगावच्या दुकानदाराने पुन्हा विकण्यासाठी आपल्याकडून शंभर नग मागवले, तर वाटेतली जोखीम कोणाची हे दोघांनी आधीच लेखी ठरवावे. बिलावर तशी एक ओळ असली तरी पुष्कळ वाद टळतात.

घरगुती वापरासाठी एक नग मागवणाऱ्या गिऱ्हाईकाला मात्र २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्या कायद्याखाली जुलै २०२० मध्ये ई-कॉमर्सचे नियम आले. सांगितलेल्या मुदतीनंतर माल आला, तो सदोष निघाला किंवा कबूल केल्याप्रमाणे नसला, तर बाजारपेठेच्या संकेतस्थळावरून विकणाऱ्याला माल परत घेण्यास वा पैसे परत देण्यास नकार देता येत नाही. आवाक्याबाहेरच्या आपत्तीमुळे झालेला उशीर एवढाच काय तो अपवाद. अशा विक्रेत्याने तक्रार निवारणासाठी एक व्यक्ती नेमावी, तिने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि एका महिन्यात निकाल लावावा, असेही नियम सांगतात. घरातली एखादी जुनी वस्तू कोणी एकदाच विकली तर त्याला हे नियम लागत नाहीत. पण घरातून का होईना, जो नेमाने विक्री करतो तो धंदाच करतो. ‘‘माझे दुकान नाही, मी नुसते व्हॉट्सअ‍ॅपवर विकते,’’ ही सबब टिकणारी नाही.

थोडक्यात, सामान्य गिऱ्हाईकाला ‘‘कुरिअरवाल्याला विचारा’’ असे सांगून मोकळे होता येत नाही. त्याचा सौदा आपल्याशी झालेला आहे आणि कुरिअरवाला आपण नेमलेला आहे. गिऱ्हाईकाला उत्तर आपण द्यायचे आणि कुरिअरकडून आपली भरपाई आपण मागायची, असे हे दोन वेगळे हिशेब आहेत. ते एकमेकांत मिसळले की घोळ होतो.

पहिल्या दिवशी काय करावे?

तक्रार येताच प्रथम लेखी पोच द्यावी. फोनवर कितीही बोलणे झाले तरी संदेश पाठवावाच. मजकूर साधा असावा : ‘‘आपली अमुक क्रमांकाच्या ऑर्डरची तक्रार आज मिळाली. पार्सल अमुक तारखेस अमुक पावती क्रमांकाने रवाना केले आहे. कुरिअरकडे चौकशी सुरू केली असून परवा संध्याकाळपर्यंत आपणांस निश्चित कळवतो.’’ ठरल्या वेळी खबर नसली तरी ‘‘अजून चौकशी चालू आहे’’ एवढे तरी कळवावे. गिऱ्हाईकाचा राग बहुधा माल न मिळण्यापेक्षा विक्रेता गप्प बसण्याचा असतो.

त्यानंतर नेमके झाले काय ते शोधावे. ‘माल मिळाला नाही’ या एका वाक्यामागे पाच निरनिराळ्या गोष्टी असू शकतात.

पहिली, माल आपल्याकडूनच गेलेला नसतो. ऑर्डर वहीत राहून जाते, किंवा दोन गिऱ्हाईकांची लेबले अदलाबदल होतात. आधी आपलेच घर तपासावे. पैसे खरोखर जमा झाले होते का, हेही खात्याच्या उताऱ्यावर पाहावे, गिऱ्हाईकाने पाठवलेल्या छायाचित्रावर विसंबू नये. कधी कधी गिऱ्हाईकाचे पैसे कापले जातात पण आपल्याला पोचत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे यूपीआयने दुकानदाराला दिलेली अशी रक्कम पाच दिवसांत आपोआप परत गेली पाहिजे. ती न गेल्यास गिऱ्हाईकाने आपल्या बँकेकडे मागणी करावी.

दुसरी, पार्सल वाटेत अडकलेले असते. अशा वेळी नवी तारीख कळवून, ‘‘थांबायचे की पैसे परत हवेत?’’ असे गिऱ्हाईकालाच विचारावे. लग्नासाठी मागवलेला कपडा लग्नानंतर पोचून काय उपयोग?

तिसरी, पत्ता सापडला नाही किंवा घर बंद होते म्हणून पार्सल परत फिरलेले असते.

चौथी, कुरिअरच्या नोंदीत ‘पोचले’ असे दिसते, पण गिऱ्हाईक म्हणते मिळाले नाही. हा सर्वांत अवघड प्रकार. येथे कुरिअरकडून पोचपावतीची प्रत, सही कोणाची, ओटीपी घेतला होता का, पोचवल्याची जागा आणि वेळ, हे सर्व लेखी मागवावे. पार्सल शेजारी, वॉचमनकडे किंवा खालच्या दुकानात ठेवलेले असते असा अनुभव पुष्कळांचा आहे. म्हणून गिऱ्हाईकालाही सौजन्याने तेवढी विचारणा करण्याची विनंती करावी.

पाचवी, माल मिळूनही नाकारला जातो. असे होतच नाही असे नाही. मात्र पुरावा हाती येण्याआधी गिऱ्हाईकाला खोटे ठरवू नये. दहांतले नऊ प्रामाणिक असताना एकापायी सर्वांशी संशयाने वागणारा विक्रेता नऊ गिऱ्हाईके गमावतो. ओटीपी, सही आणि वजन तिन्ही जुळत असतील तर ती कागदपत्रे गिऱ्हाईकाला पाठवून शांतपणे आपले म्हणणे मांडावे.

मोठ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून विक्री होत असेल, तर तक्रारीला उत्तर देण्याची मुदत तेथे थोडी असते. ती टळली की निकाल आपोआप विक्रेत्याविरुद्ध जातो. अशा ठिकाणी रोज सकाळी तक्रारींचा कप्पा उघडून पाहण्याची सवय लावावी. पार्सल कंपनीच्याच माणसांनी उचलले असेल तर हरवलेल्या मालाची मागणीही कंपनीकडेच मुदतीत नोंदवावी.

कुरिअरकडून भरपाई : १८० दिवस विसरू नका

पूर्वी हुंडेकरी ठराविक मोबदला घेऊन माल मुक्कामी पोचवण्याचे काम अंगावर घेत असे. आज त्याच्या जागी कुरिअर आणि ट्रान्सपोर्ट कंपन्या आहेत. त्यांना २००७ चा रस्ते मालवाहतूक कायदा लागू होतो. १ मार्च २०११ पासून अमलात आलेल्या या कायद्यातील ‘वाहतूकदार’ या शब्दात कुरिअर कंपन्यांचाही स्पष्ट समावेश आहे, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते.

या कायद्यातल्या तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

एक, माल गहाळ झाल्यास वाहतूकदाराचा निष्काळजीपणा आपण सिद्ध करण्याची गरज नाही. माल दिला आणि पोचला नाही, एवढे दाखवणे पुरे.

दोन, दावा लावण्यापूर्वी लेखी नोटीस द्यावी लागते आणि ती माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. फोनवर केलेल्या तक्रारी म्हणजे नोटीस नव्हे. ‘‘बघतो, शोधतो’’ असे ऐकत सहा महिने गेले की हक्कही जातो. म्हणून पार्सल आठवड्याभरात सापडले नाही तर पावती क्रमांक, तारीख, मालाचे वर्णन, किंमत आणि मागणीची रक्कम लिहून पत्र पाठवावे आणि त्याची पोच जपून ठेवावी.

तीन, भरपाईला मर्यादा आहे. जादा दर भरून जादा जोखीम कंपनीवर टाकली नसेल, तर २०११ च्या नियमांप्रमाणे ती भाड्याच्या दहा पटींपर्यंत आणि जाहीर केलेल्या किमतीच्या आतच मिळते.

याचा हिशेब करून पाहू. समजा, नौपाड्यातील एका विक्रेत्याने २,४०० रुपयांचा जरीचा दुपट्टा नांदेडला पाठवला. त्याला तो २,००० रुपयांना पडला आणि कुरिअरचे ८० रुपये त्याने स्वतः भरले. नफा ३२० रुपये. पार्सल हरवले आणि गिऱ्हाईकाला पूर्ण पैसे परत दिले, तर तोटा २,०८० रुपयांचा, म्हणजे साडेसहा दुपट्ट्यांचा नफा गेला. वेळेत नोटीस देऊन ८० च्या दहा पट, म्हणजे ८०० रुपये वसूल केले, तर तोटा १,२८० रुपयांवर येतो. तरीही चार दुपट्ट्यांचा नफा गेलाच. हजार-दोन हजारांवरच्या मालाची खरी किंमत पावतीवर लिहिणे आणि जादा दर किंवा विमा घेणे का परवडते, हे यावरून कळेल. जादा दर वाचवण्यासाठी २,४०० चा माल ५०० चा लिहिणारा ऐन वेळी ५०० च्या पुढे काही मागू शकत नाही.

पावतीच्या पाठीमागची बारीक अक्षरे किती महाग पडतात याचा दाखला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे. भारती निटिंग कंपनीने १९९० च्या उन्हाळी हंगामासाठी जर्मनीतील खरेदीदाराला माल विकला होता. त्यासंबंधीची कागदपत्रे डीएचएल कुरिअरने पाठवली, ती पोचली नाहीत. दुसऱ्या प्रती जाईपर्यंत हंगाम टळला आणि खरेदीदाराने कमी पैसे दिले. राज्य आयोगाने कंपनीला चार लाखांवर भरपाई मंजूर केली. पण कुरिअरच्या पावतीवर जबाबदारी १०० डॉलरपुरती असल्याचे कलम छापलेले होते आणि खाली पाठवणाऱ्याची सही होती. राष्ट्रीय आयोगाने भरपाई तेवढ्यावरच आणली आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम ठेवले. सही करण्यापूर्वी पावतीची मागची बाजू वाचावी, हा त्यातला धडा.

टपालाने पाठवत असाल तर

टपाल खात्याने १८७७ मध्ये व्ही.पी. सुरू केली, तेव्हापासून आपल्याकडचे ग्रंथविक्रेते आणि औषधवाले दूरगावी माल पाठवत आले. दारात पैसे घेऊन माल देण्याची आजची ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ ही त्याच जातीची. टपालाचा पल्ला खेड्यापर्यंत आहे, हा त्याचा फायदा. परंतु टपाल खात्याची जबाबदारी कायद्यानेच मर्यादित आहे. १८९८ चा जुना कायदा जाऊन जून २०२४ पासून २०२३ चा नवा टपाल कायदा आला, तरी ते तत्त्व बदललेले नाही. म्हणून मौल्यवान वस्तू साध्या पार्सलने न पाठवता विमा उतरवून पाठवावी. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे. स्पीड पोस्टला अल्प जादा आकारात ओटीपी घेऊन माल देण्याची सोयही आहे. महागड्या वस्तूसाठी ती घ्यावी.

पैसे परत करताना

पैसे ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने परत करावेत. ‘‘दुसऱ्याच नंबरवर पाठवा,’’ अशी मागणी आली तर मान्य करू नये. उद्या मूळ खातेदार पुन्हा मागणी घेऊन उभा राहू शकतो. परतफेडीचा क्रमांक गिऱ्हाईकाला कळवून ‘‘रक्कम मिळाली, तक्रार मिटली’’ असा एका ओळीचा संदेश मागून घ्यावा.

जीएसटीत नोंदणी असेल तर परत केलेल्या विक्रीची क्रेडिट नोट काढावी लागते. शिवाय हरवलेल्या वा चोरीस गेलेल्या मालावर खरेदीच्या वेळी घेतलेली कराची वजावट कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे मिळत नाही, ती उलटवावी लागते. अशी प्रत्येक नोंद त्याच महिन्यात आपल्या हिशेबनीसाच्या कानावर घालावी.

दुर्लक्ष केल्यास काय होते?

गिऱ्हाईक १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करू शकते. तेथे न मिटल्यास दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगात जाऊ शकते. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. विशेष म्हणजे २०१९ च्या कायद्याने गिऱ्हाईकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करण्याचा हक्क दिला आहे. म्हणजे नौपाड्याच्या विक्रेत्याला नांदेडच्या आयोगाची नोटीस येऊ शकते. सुनावणी दूरदृश्य पद्धतीने मागता येते, पण लेखी उत्तर ३० दिवसांत आणि फार तर पुढच्या १५ दिवसांत द्यावेच लागते. ४५ दिवसांपलीकडे मुदत मिळणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये ठरवून दिले आहे. नोटीस आली की ती फडताळात टाकू नये.

याहून मोठा धोका निराळाच आहे. फोन उचलला नाही की गिऱ्हाईकाची समजूत होते, आपण फसवलो गेलो. ते १९३० या सायबर हेल्पलाईनवर तक्रार नोंदवते आणि विक्रेत्याच्या बँक खात्यातील रक्कम गोठवली जाऊ शकते. वाद हजार-दोन हजारांचा असतो, पण कच्च्या मालाचे पैसे आणि कारागिरांची मजुरी त्या खात्यातूनच जायची असते. परराज्यातल्या पोलिसांशी पत्रव्यवहार करून ते मोकळे करणे सोपे नाही. पहिल्या दिवशीच्या लेखी उत्तराची किंमत येथे कळते. ज्याने पावती, ट्रॅकिंग आणि पत्रव्यवहार जपला आहे, तो ही फसवणूक नसून हरवलेले पार्सल आहे हे दाखवू शकतो. मोबाईलवरील संदेश पुरावा म्हणून हजर करायचे तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे लागते. म्हणून संदेश पुसू नयेत आणि मोबाईल बदलताना ते जपावेत.

तक्रार येऊच नये म्हणून

पुष्कळशी पार्सले पत्त्यापायी चुकतात. आपल्या नौपाड्याचेच पाहा. ठाण्यात नौपाडा आहे, वांद्रे पूर्वेलाही नौपाडा आहे आणि आंध्रात नौपाडा नावाचे रेल्वे जंक्शनही आहे. नुसते ‘नौपाडा’ लिहिलेले पार्सल कुठे जाईल याचा नेम नाही. ‘ठाणे पश्चिम, ४००६०२’ एवढे लिहिले की प्रश्न मिटतो. एकाच नावाची गावे आणि मोहल्ले यांचा गोंधळ टाळण्यासाठीच १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिन कोड सुरू झाला. तो तयार करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपल्या कोकणातलेच. ऑर्डर घेताना पिन कोड, जवळची खूण आणि दुसरा मोबाईल क्रमांक घेतल्याशिवाय पार्सल बांधू नये.

पार्सल बांधताना वस्तू, लेबल आणि काट्यावरचे वजन एका छायाचित्रात येईल असे पाहावे. महाग मालाचे बांधणे चित्रित करून ठेवावे. पोचण्याची तारीख सांगताना दोन दिवस हातचे राखावेत, सणासुदीत चार. माल रवाना होताच पावती क्रमांक गिऱ्हाईकाला कळवावा. ‘‘माल रवाना झाल्यावर आमची जबाबदारी नाही’’ असे बिलावर छापून उपयोग नाही, सामान्य गिऱ्हाईकाचे कायद्याने दिलेले हक्क त्याने जात नाहीत. त्याऐवजी ‘‘पार्सल न मिळाल्यास या क्रमांकावर कळवावे’’ असे छापावे. आणि एक स्वतंत्र वही ठेवून तीत ऑर्डर, रवानगी, पावती क्रमांक, पोचल्याची तारीख आणि तक्रार असे पाच रकाने आखावेत. दर शनिवारी ज्या ओळीत चौथा रकाना रिकामा दिसेल, तेथे गिऱ्हाईकाच्या आधी आपणच फोन करावा.

दूरच्या गिऱ्हाईकाने आपले तोंड पाहिलेले नसते, तरी ते आगाऊ पैसे पाठवते. माल त्याच्या हाती पडेपर्यंत ते पैसे आपल्याकडे अमानत म्हणूनच आहेत, असे समजून वागावे. हरवलेल्या एका पार्सलचा तोटा दोन-चार विक्रीत भरून निघतो. पण ‘पैसे घेतो आणि फोन उचलत नाही’ असे नाव एकदा पडले, तर ते पुसायला वर्षे लागतात.